माझ्या हातचं

संचालकबाईंना तपास नको होता, सही हवी होती.

"खाली, उजव्या कोपऱ्यात," त्या म्हणाल्या आणि पर्समधून पेनसुद्धा काढून टेबलावर ठेवलं. "आमच्या संस्थेचा नियम आहे. निवाऱ्यातून एखादीला काढायचं असेल, तर आधी बाहेरच्या माणसाकडून चौकशी व्हायला हवी. चौकशी झालीय. फक्त ती आम्हीच केलीय."

वहिनींनी पेनाकडे पाहिलं. त्यावर संस्थेचं नाव होतं आणि नावाखाली उगवता सूर्य.

"मानधन?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"मानधनाची तरतूद नाही. प्रमाणपत्र देतो. फ्रेम करून."

वहिनींच्या भिंतीवर अशा तीन फ्रेमा आधीच होत्या. त्यातल्या एकीमागे पालीनं बिऱ्हाड केलं होतं.

वहिनींची सारी नोकरी विमा कंपनीत सर्व्हेअर म्हणून गेली. जळलेल्या गोदामात उभं राहून, आग लागली की लावली, हे त्या राखेच्या रंगावरून सांगत. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीवर 'खासगी चौकशी' अशी पाटी लावली. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. ते वरच्या मजल्यावर राहत, गाडी चालवत, टिपणं काढत आणि सल्ला देत. पैकी शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"झालं काय, ते सांगा," वहिनी म्हणाल्या.

संचालकबाईंनी सांगितलं. त्यांचा आवाज इस्त्री केल्यासारखा होता. कुठे चुणी नाही, कुठे ऊब नाही. नवऱ्याच्या माराला कंटाळून बाहेर पडलेल्या बायका त्यांच्या निवाऱ्यात राहतात. सध्या अकरा आहेत. निवाऱ्याचा पत्ता संस्थेतल्या मोजक्या माणसांना ठाऊक : त्या स्वतः, समुपदेशक ताई, अहवाल लिहिणारा आणि निवारा सांभाळणाऱ्या मावशी. आज सकाळी त्यातल्या एकीचा नवरा थेट तिथे पोचला. खिडकीशी उभं राहून 'माझी आहे, माझी आहे' असा ओरडत राहिला. पोलिसांनी उचलून नेलाय, पण संध्याकाळी सोडतील.

"आणि पत्ता त्याच्या बायकोनंच फोडला, असं तुमचं म्हणणं."

"परवा तिनं मावशींचा फोन मागून घेतला. बोलली आणि नंबर पुसून टाकला. जी पत्ता सांगते, तिला जावं लागतं. बाकीच्या दहाजणींचा प्रश्न असतो."

"कुठे जाणार ती?"

"दुसऱ्या एका संस्थेकडे जागा मागितलीय. उत्तर आलेलं नाही."

"नाही आलं तर?"

"बसस्थानकापर्यंत गाडी देतो."

भाऊजींचा चहाचा कप बशी आणि ओठ यांच्या मध्येच थांबला. "म्हणजे तिकडे नवरा सुटणार, आणि ही इकडे बसस्थानकावर?"

"लहान मुलगी आहे बरोबर," संचालकबाईंनी माहितीत भर घातली. छत्री घ्या हं, असं सांगावं तसं.

वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि पेन परत दिलं. "सही संध्याकाळी. आधी बघून येते."

"बघण्यासारखं काही नाही हो."

"मग लवकर आटपेल."

*

संस्थेचं ऑफिस एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होतं. हॉलच्या भिंती पोस्टरांनी भरलेल्या. प्रत्येक पोस्टरवर हसणारं कुणीतरी आणि प्रत्येकाचा चेहरा पुसलेला. धुक्यात हसू कसं दिसत होतं, हे ड्रॉइंग मास्तरांनाही सांगता आलं नसतं.

भाऊजींची दाढ दुखत होती. दाराशेजारी संस्थेचं कॅलेंडर टांगलेलं दिसताच त्यांनी डेंटिस्टची तारीख शोधली आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, नऊला बोलावलंय मला आणि नऊला तर रविवार! दवाखाना बंद!"

"नऊला गुरुवार आहे, भाऊजी. तुम्ही बघताय ते पान पुढच्या महिन्याचं."

"अरेच्चा." भाऊजी पान मागे घ्यायला सरसावले.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या.

पुढच्या महिन्याच्या पानावर एक बाई शिवणयंत्रावर बसलेली होती. चेहरा धुकट, मागे कोरी पांढरी भिंत.

आतल्या टेबलाशी अहवालवाला बसला होता. त्याचं खरं काम अहवाल लिहायचं, पण दिवसाचा बराच वेळ तो फोटोतले चेहरे पुसत असे. आत्ताही पुसत होता. माउस दोनदा फिरवला की एक बाई ओळखीच्या पलीकडे जायची.

"सवय होते," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "परवा भाच्याच्या लग्नाचा अल्बम दाखवला बहिणीनं. मी म्हटलं, हॉल छान होता. चेहऱ्यांकडे लक्षच जात नाही आता."

"फोटो काढताना काही नियम?"

"चेहरा दिसता कामा नये. मागे कोरी भिंत हवी. घराचं काही दिसायला नको. पण भिंत बघून देणगीदार कंटाळतात. त्यांना उजेड हवा असतो. मग वर्षातून एकदा बाई म्हणतात, जरा आशा दाखवा."

"आशा म्हणजे?"

"आशा म्हणजे खिडकी," तो म्हणाला. "एक रोपटंही चालतं. पण ते पाणी घालायला कुणी नसल्यानं मरतं."

भाऊजी हसले. अहवालवाला हसला नाही, तेव्हा तेही गप्प झाले.

"ही कॅलेंडरं कुणाकुणाला जातात?"

"सगळ्या देणगीदारांना. मोठे येतात, आमच्या पाहुणेघरात उतरतात. पांढऱ्या चादरी, गरम पाणी. वर्षातून दोनदा उघडतं ते. छोट्यांना कॅलेंडर. कुणी साबण देतं, कुणी वह्या, कुणी रंग. ज्यानं जे दिलं, त्याला कॅलेंडर पोस्टानं."

"आणि तुमच्या भिंतीवरचं पान आधीच कसं उलटलंय?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "उलटलंय? खरंच की. आमच्याकडे मागच्या वर्षी मार्च जूनपर्यंत चालला होता. मी आलो तेव्हापासून असंच असणार. सकाळी ऑफिस बाईच उघडतात."

संचालकबाईंच्या खोलीच्या उघड्या दारातून आतलं कॅलेंडरही दिसत होतं. तिथेही शिवणयंत्र.

समुपदेशक ताईंची खोली बाजूलाच होती. दोन खुर्च्या, एक रुमालांचा डबा. डबा भरलेला.

"माझी दाढ फार ठणकते हो," भाऊजी बसताना सहज पुटपुटले.

"मी समजू शकते," ताई म्हणाल्या. "एक ते दहामध्ये किती?"

"सहा," भाऊजी दचकून म्हणाले. ताईंनी खरंच लिहून घेतलं.

नवऱ्याबद्दल ताईंना बरंच ठाऊक होतं. वेल्डिंगचं काम करतो. डोळे कायम लाल. दारूनं की ठिणग्यांनी, ते अजून ठरलेलं नाही. बायको संस्थेत आल्यावर त्याला रीतसर बोलावणं गेलं होतं : आपली पत्नी आमच्याकडे सुरक्षित आहे, आपण चर्चेला यावं. तो आला नाही.

"म्हणजे बायको तुमच्या संस्थेत आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. कुठे ठेवलीय, ते नव्हतं."

"पत्रावर ऑफिसचा पत्ता असतो."

"आणि निवाऱ्यातल्या बायकांना तरी निवाऱ्याचा पत्ता ठाऊक असतो का?"

"नसतो. अंधार पडल्यावर पडद्याच्या गाडीतून नेतो. तिथे राहतात तोवर बाहेर पडायचं नाही."

"मग तिनं नवऱ्याला सांगितलं काय?"

ताईंनी थोडा विचार केला. विचार करायला त्यांना श्रम पडले, हे दिसलं. "खाणाखुणा सांगितल्या असतील. सगळ्या कधी ना कधी फोन करतातच हो. मार विसरायला होतो, माणूस विसरत नाही. मी समजू शकते."

बाहेर आल्यावर भाऊजींनी विचारलं, "वहिनी, ही माणसं अशी का? आतून मेल्यासारखी."

"रोज नवी बाई येते, भाऊजी. प्रत्येकीसाठी रडायचं म्हटलं तर पाणी पुरायचं कुठून? नळ बंद करून ठेवलाय. फक्त कुठे बंद केला, ते आता त्यांनाच आठवत नाही."

*

निवारा म्हणजे एका गल्लीतलं साधं दुमजली घर. पाटी नाही. आतून मात्र सगळं एकाच पिवळ्या रंगाचं : भिंती पिवळ्या, कपाटं पिवळी, खिडकीचे गजही पिवळे.

"चौकातल्या हार्डवेअरवाल्यानं फुकट दिला रंग, संपेपर्यंत लावला," मावशी म्हणाल्या. मावशी रुंद बांध्याच्या, कमरेला किल्ल्या. बायकांना त्या कॉटवरून ओळखत. खिडकीजवळची, दाराजवळची, पंख्याखालची. "आल्या-गेल्याची किती नावं लक्षात ठेवायची? कॉट जागची हलत नाही."

"सकाळचं सांगा."

"चहा टाकला होता. हा आला. दार सोडून आधी या खिडकीशी गेला. मोठ्ठाली खिडकी आहे ना, तिच्याशी. गज धरून हलवले. मग हलवायचा थांबला आणि गजांवरनं हात फिरवायला लागला. बैलाच्या पाठीवरनं फिरवावा तसा. मी म्हटलं, प्यायलाय."

"ओरडला काय?"

"'माझं आहे हे! माझ्या हातचं आहे!' सारखं तेच. लेकराबद्दल बोलत असणार. मग बायकोच्या नावानं शिव्या."

"नीट आठवतं? 'माझं'? 'माझी' नाही?"

"मला ऐकू नीट येतं," मावशी फणकारल्या. "बाईंनाही फोनवर शब्दन् शब्द सांगितला. बाईंनी तर परत म्हणायला लावला. दोनदा. तुम्हीही लावा, तोंड काय भाड्याचं आहे?"

भाऊजी तोवर खिडकीशी गेले होते. चौकोनी गजांना वरपासून खालपर्यंत पीळ दिलेला आणि टोकाला टोकदार पानं काढलेली. एका पानात त्यांच्या उजव्या हाताची बाही अडकली.

"काम सुबक आहे, पण पीळ उलटा," ते बाही ओढत म्हणाले. "एकजात सगळे गज उलटे. माझ्या वर्गात एकदोन पोरं पेच काढताना असाच उलटा काढायची." बाही सुटेना, म्हणून त्यांनी डावा हात वर केला.

खाली फरशीवर एक मुलगी कोळशाच्या तुकड्यानं रेघा ओढत बसली होती. भाऊजींचा डावा हात वर गेला, तशी तिनं उजवा गाल खांद्यात दडवला आणि डोळे मिटले. रडली नाही, ओरडली नाही. पाऊस आला की खिडकी लावावी, तितक्या सवयीनं.

भाऊजी तसेच थिजले.

"भाऊजी, हात खाली घ्या," वहिनी शांतपणे म्हणाल्या. बाही त्यांनीच सोडवली. "आता उजवा वर करा."

"कशाला?"

"भिंतीवर माशी आहे."

भाऊजींनी उजवा हात वर केला. मुलीनं एकवार पाहिलं आणि पुन्हा रेघा ओढायला लागली.

"उडाली," वहिनी म्हणाल्या.

मुलीची आई दाराजवळच्या कॉटवर बसली होती. पायाशी एक भरलेली पिशवी. तिनं वहिनींकडे पाहिलं, पण ओळख पटवून घ्यायची असते तसं नाही. भिंतीकडे पाहावं तसं.

"परवा फोन कुणाला केलात?"

"शेजारणीला."

"काय बोललात?"

"मांजराला खायला घाल म्हटलं."

"नंबर का पुसलात?"

"मावशी हसतील म्हणून. नवऱ्याला सोडून आली आणि मांजराची काळजी."

"शेजारणीला पत्ता सांगितलात?"

"कुठला?"

"इथला."

बाईनं खोलीभर नजर फिरवली, जणू तो कुठे लिहून ठेवलाय का बघत होती. "इथला पत्ता काय आहे?" तिनं विचारलं.

कुणीच उत्तर दिलं नाही. नियमच होता तसा.

"इथून काही दिसतं, ऐकू येतं?"

"घंटा वाजते एक. शाळेची असेल. किंवा कसली तरी." मग ती पिशवीकडे बघून म्हणाली, "बाईंनी सांगितलंय आवरून ठेव म्हणून. ठेवलंय. चालत जायचंय की गाडी आहे?"

भाऊजींनी दुखरा गाल तळव्यानं दाबून धरला.

परत जाताना वहिनींनी चौकात गाडी थांबवायला सांगितली, हार्डवेअरच्या दुकानात शिरल्या आणि बऱ्याच वेळानं दाराची एक कडी घेऊन आल्या.

"कडी कशाला? आपल्या सगळ्या दारांना कड्या आहेत."

"फुकट गप्पा मारल्या की दुकानदाराला वाईट वाटतं, भाऊजी."

*

उन्हं उतरली होती. संचालकबाईंच्या खोलीत चौघं बसले. वहिनी मात्र उभ्या राहिल्या, थेट कॅलेंडराशेजारी. टेबलावर सहीचा कागद तयार होता, त्यावर तेच पेन.

"लवकर आटपेल म्हणाला होतात," संचालकबाई म्हणाल्या.

"आटपलंय. सुरुवात तुमच्याच एका शब्दानं करते. सकाळी तुम्ही सांगितलंत, नवरा ओरडत होता 'माझी आहे'. मावशी सांगतात, तो म्हणत होता 'माझं आहे, माझ्या हातचं आहे'. मावशींनी तुम्हाला हे शब्दन् शब्द सांगितलं, तुम्ही दोनदा म्हणवून घेतलंत. आणि माझ्यापर्यंत येताना 'माझं'चं 'माझी' झालं."

"फरक काय पडतो?" अहवालवाल्यानं विचारलं.

"बायको 'माझी' असते. मुलगी 'माझी' असते. लेकरू 'माझं' असेल, म्हणून मावशींना वाटलं मुलीबद्दल बोलतोय. पण लेकराला कुणी 'माझ्या हातचं' म्हणतं का? लोणचं हातचं असतं. शिवण हातची असते. हातचं असतं ते काम. तो माणूस बायकोबद्दल बोलत नव्हता, लेकीबद्दलही नाही. तो दार सोडून खिडकीशी गेला, गजांवरनं हात फिरवला आणि म्हणाला, हे माझ्या हातचं आहे."

भाऊजी हळूहळू ताठ बसले. "वेल्डर! ती खिडकी त्यानं केलेली?"

"पिळाचे गज उलटे आहेत, हे तुम्हीच पाहिलंत. उजव्या हाताचा कारागीर पीळ एका बाजूला देतो, डावखुरा उलट्या. आता तो डावखुरा आहे, हे मला कुणी सांगितलं?"

"कुणी?"

"त्याच्या लेकीनं. तुमचा डावा हात वर गेला तेव्हा तिनं गाल लपवला. उजवा गेला तेव्हा तिला माशीइतकीही किंमत वाटली नाही. त्या घरात मार डाव्या हातानं पडतो."

समुपदेशक ताईंनी मांडीवरची वही मिटली.

"बरं, खिडकी त्याची," अहवालवाला म्हणाला. "कधीतरी घरमालकासाठी केली असेल. पण त्या खिडकीच्या मागे निवारा आहे, हे त्याला कसं कळलं?"

"तुम्ही पोस्टानं कळवलंत." वहिनींनी कॅलेंडराला हात घातला आणि पान मागे घेतलं.

चालू महिना. पिवळी खिडकी, तीतून आत झिरपणारा उजेड आणि उजेडात पाठमोरी उभी कुणी एक बाई. तिचा चेहरा दिसतच नव्हता, तरी डोक्याभोवती नीट धुकं केलेलं. गज मात्र लख्ख. उलटा पीळ, टोकाला पानं. खाली छापलं होतं : 'आमच्या निवाऱ्यातली नवी पहाट.'

अहवालवाला जवळ आला. स्वतःच काढलेला फोटो तो पहिल्यांदाच पाहत असावा, असं भाऊजींना वाटलं.

"मी चेहरा पुसला होता," तो म्हणाला.

"नीट पुसलात. तुम्ही सगळे चेहराच सांभाळत राहिलात. पण ज्यानं खिडकी घडवली, त्याला त्या फोटोत खिडकीच चेहऱ्यासारखी दिसली. रंग देणाऱ्या हार्डवेअरवाल्याला तुमचं कॅलेंडर जातं. गल्ल्यामागे टांगलंय, मी पाहून आले. काल पहिली तारीख. दुकानदारानं सकाळी पान उलटलं. त्याच्याकडे वेल्डिंगच्या कांड्या घ्यायला येणारा एक लाल डोळ्यांचा माणूस काल त्या पानासमोर खांबासारखा उभा राहिला. सुटे पैसेही न घेता गेला, दुकानदाराच्या चांगलं लक्षात आहे. बायको तुमच्या संस्थेत आहे, हे तुमच्या पत्रानं सांगितलं. तुमचा निवारा कोणत्या घरात, हे तुमच्या कॅलेंडरनं. ती बिचारी मांजरासाठी फोन करत होती. तिला पत्ता विचारला, तर तिनं मलाच उलट विचारला."

"म्हणजे चूक झाली," समुपदेशक ताई म्हणाल्या. "चूक कुणाचीही होते."

"फोटो छापला ती चूक. आज सकाळी जे झालं ती चूक नव्हे. ज्या ऑफिसात मार्च जूनपर्यंत चालतो, तिथे दोन तारखेला दोन्ही कॅलेंडरं पुढच्या महिन्यावर गेलीत. सकाळी ऑफिस कोण उघडतं?"

संचालकबाईंनी टेबलावरचं पेन उचललं, टोपण काढलं, लावलं.

"पळवाट शोधत नव्हते मी," त्या म्हणाल्या. आवाज तसाच, चुणीविना. "हिशेब केला. कॅलेंडरनं पत्ता फुटला हे बाहेर गेलं, तर देणगीदार जातील. देणगीदार गेले की निवारा बंद. अकराजणी रस्त्यावर. एक गेली तर दहा राहतात."

"आणि ती एक?"

"मावशींचा फोन आला. 'हातचं' ऐकलं आणि हा फोटो डोळ्यांसमोर आला, मीच निवडला होता. मी खुर्चीत बसून राहिले. म्हटलं, आता काहीतरी वाटेल. बराच वेळ थांबले." त्यांनी पेन खाली ठेवलं. "काही वाटलं नाही. मग उठून पान उलटलं."

भाऊजींना त्यांचा राग यायला हवा होता, पण तोही येईना. या इमारतीत काहीच येत नव्हतं.

"बाई, बेरीज तुमची चुकलीय," वहिनी म्हणाल्या. "हातचा धरलाच नाहीत. ती गेली तरी खिडकी जागेवरच आहे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तो आज सुटेल, बायको शोधायला त्याच खिडकीशी येईल, आणि आत दहाजणी असतील. शिवाय हे पान महिनाभर गावभर टांगलेलं राहणार. दहा उरत नाहीत. कुणीच उरत नाही."

संचालकबाईंनी कॅलेंडराकडे पाहिलं. हा भाग त्यांच्या हिशेबात आलाच नव्हता, हे स्पष्ट दिसलं.

"मी समजू..." समुपदेशक ताईंनी सवयीनं सुरुवात केली आणि त्या मध्येच थांबल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "मला समजत नाही. तिला बसस्थानकावर सोडायला गाडी मीच सांगितली होती. दुपारीच. आणि मग जेवले."

त्यांनी रुमालासाठी हात पुढे केला. पण डबा त्यांच्या खोलीत होता.

"रडायला नंतर सवड काढा," वहिनी म्हणाल्या. "तुमचं पाहुणेघर रिकामं आहे. पांढऱ्या चादरी, गरम पाणी. त्याचा फोटो कुठे छापलाय?"

"कुठेच नाही," अहवालवाला म्हणाला. "देणगीदारांना आवडत नाही, त्यांच्यावर खर्च होतो हे दिसलेलं."

"मग गाडी तिकडे वळवा. अकराच्या अकरा. आणि तुम्ही दुकानादुकानात फोन लावा, पान फाडून घ्या."

तो लगेच उठला. माउस हातात नसताना काय करावं, हे क्षणभर त्याला कळलं नाही. मग त्यानं फोन उचलला.

वहिनींनी सहीचा कागद उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर सहा ओळी लिहिल्या आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, सही केली. "हा कागद तुमच्या विश्वस्तांना. पुढचं ते बघतील."

संचालकबाईंनी कागद वाचला, नीट घडी घातली. "प्रमाणपत्र..." त्या म्हणाल्या.

"फ्रेम नको," वहिनी म्हणाल्या. "पाल सांभाळायची पाळी येते."

*

निवाऱ्यासमोर गाडी उभी होती. बायका एकेक करून बसत होत्या, प्रश्न न विचारता. इतक्या वेळा उठवलं गेल्यावर माणूस 'कुठे' हा शब्द खर्च करत नाही.

दाराजवळच्या कॉटवरची बाई पिशवी घेऊन वेगळी उभी होती. वहिनी तिच्याशी जाऊन बोलल्या : तुम्ही काही केलं नव्हतं, तुम्हाला जायचं नाही, सगळ्यांबरोबरच चला.

बाईनं ऐकून घेतलं. आनंद नाही, हायसं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, "म्हणजे पिशवी सोडू?"

"तिथे पोचल्यावर सोडा."

"बरं," ती म्हणाली आणि सगळ्यांबरोबर गाडीत चढली.

मुलगी खिडकीच्या बाजूला बसली. काच खाली होती. गाडी सुरू झाली, तशी ती भाऊजींकडे पाहायला लागली. नुसती पाहत होती. भाऊजींच्या उजव्या हातात मावशींच्या किल्ल्या, भांडी आणि ती कडी, असं सगळं मिळून एक गाठोडं होतं. निरोप द्यायला त्यांचा डावा हात आपोआप निघाला. छातीपर्यंत आला.

तिथेच त्यांनी तो अडवला. गाठोडं रस्त्यात ठेवलं. भांडी खणखणली, मावशी ओरडल्या. भाऊजींनी सावकाश उजवा हात वर केला आणि हलवला.

मुलीनं गाल लपवला नाही. हातही हलवला नाही. गाडी वळेपर्यंत ती त्या हाताकडे बघत राहिली, एवढंच.

"चला," वहिनी म्हणाल्या. "दाढ कशी आहे?"

भाऊजींनी गाठोडं उचललं. "एक ते दहामध्ये?"

"हो."

"आत्ता काही कळत नाहीये, वहिनी," ते म्हणाले आणि गाडीचं दार त्यांनी उजव्या हातानं उघडलं.